ओकोट प'बिटेक वाचायचा कसा? मोठ्याने, चारचौघांत आणि जमलं तर अहिराणीत

एम.ए.ला आफ्रिकन साहित्याचा पेपर लागला की पोरं नोट्स शोधत फिरतात, आणि नोट्समध्ये काय असतं तर 'परंपरा विरुद्ध आधुनिकता', खाली पाच मुद्दे, संपलं. युगांडाचा कवी ओकोट प'बिटेक असा वाचला तर हाती काही लागत नाही, कारण त्याची सगळ्यात गाजलेली कविता, 'साँग ऑफ लाविनो', म्हणजे एका बाईने भावकीसमोर नवऱ्याशी मांडलेलं खणखणीत भांडण आहे, आणि भांडण काय कोणी मनातल्या मनात वाचतं का भो? म्हणून ही रीत लिहून ठेवतोय. आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात आम्ही काही जण मिळून ज्या पद्धतीने त्याचं वाचन घेतो, ती. तुम्ही धुळ्याचे असा, चाळीसगावचे असा नाहीतर रावेर-यावलचे, फार फरक पडत नाही, बोली तेवढी आपापली घ्या.

आधी माणूस कोण ते सांगा, पण दहा मिनिटांत

वाचनाला बसलेल्या लोकांना कवीचं चरित्र कंटाळवाणं वाटतं हे खरं आहे, पण ओकोटचं सांगायला एकदम सोपं, कारण त्यात फुटबॉल आहे. तिथूनच सुरू करा. जन्म 1931 चा, युगांडाच्या उत्तरेकडच्या गुलूचा. लोक अचोली, भाषाही अचोली. राजधानी कंपाला दक्षिणेला, तिथून गुलू 300 ते 350 किलोमीटर, आणि पैसा, सत्ता, मोठ्या शाळा सगळं तिकडे खाली. वरच्या भागातल्या माणसाचं बोलणं राजधानीत कसं ऐकलं जातं हे खान्देशातल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही, पुण्यात होस्टेलला राहिलेला कोणीही सांगेल.

वडील शाळामास्तर, आणि आई म्हणजे गावात नाव असलेली गाणारी, नाचणारी, गोष्टी सांगणारी बाई. म्हणजे घरातच एकीकडे फळा आणि दुसरीकडे गाणं. शिकायला बुडोच्या किंग्ज कॉलेजात गेला, ती तिकडची नामांकित शाळा. 1953 मध्ये, म्हणजे बाविशीतच, त्याची अचोली भाषेतली कादंबरी छापून आली (आपल्याकडे 'बहिणाबाईंची गाणी' 1952 ला आली, हे सहज लक्षात ठेवा, पुढे लागेल). मग मास्तरकी केली. आणि 1956 ला युगांडाच्या फुटबॉल टीममधून इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यात टीमचे बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले होते. टीम परत आली, हा तिकडेच शिकायला थांबला. ब्रिस्टलला शिक्षणशास्त्र, वेल्समधल्या अॅबरिस्टविथला कायद्याची पदवी, आणि मग ऑक्सफर्डला सामाजिक मानववंशशास्त्र. हे सांगताना मागच्या रांगेतली पोरं मोबाईल खाली ठेवतात, बघा.

ऑक्सफर्डचा किस्सा मात्र टाळू नका, तो नंतर त्याने स्वतः लिहून ठेवलाय. पहिल्याच लेक्चरला शिकवणारे आफ्रिकेतल्या लोकांना रानटी, आदिम असे शब्द वापरत होते, हा उठून हरकत घेत राहिला, आणि काही उपयोग झाला नाही. ज्या लोकांबद्दल हे चाललंय त्यांच्यातलाच एक समोर बाकावर बसलाय आणि तरी शब्द बदलत नाहीत, ही ती परिस्थिती. तरी त्याने तिथेच 1963 ला प्रबंध पुरा केला, आणि विषय काय घेतला तर अचोली आणि त्यांच्या शेजारच्या लांगो लोकांचं मौखिक साहित्य. म्हणजे आईची गाणी. कवी आणि अभ्यासक हे त्याचे दोन धंदे वेगळे नव्हते हे इथेच ठसवा, नाहीतर लोक म्हणतात की प्राध्यापक होता आणि जोडीला कविता करायचा.

पुढचं भरभर सांगा. 1966 ला नैरोबीच्या ईस्ट आफ्रिकन पब्लिशिंग हाऊसने 'साँग ऑफ लाविनो' छापलं, त्याच सुमारास तो कंपालाच्या नॅशनल थिएटरचा आणि सांस्कृतिक केंद्राचा डायरेक्टर झाला, गुलूला उत्सव भरवले, गावचे नाचणारे-गाणारे स्टेजवर आणले. पण सरकारची मर्जी फिरली, पद गेलं, माणूस केनियात गेला. 1971 ला इदी अमीनने सत्ता घेतली आणि अमीनच्या काळात सैन्यातले अचोली आणि लांगो शिपाई मोठ्या प्रमाणात मारले गेले, त्यामुळे परत जायचा प्रश्नच नव्हता. नैरोबी विद्यापीठात शिकवलं, मग नायजेरियातल्या इफे विद्यापीठात. अमीन 1979 ला पडल्यावर परत आला, कंपालाच्या मकेरेरे विद्यापीठात 1982 ला क्रिएटिव्ह रायटिंगचा पहिला प्रोफेसर झाला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये गेला. वय 51.

झालं. पीपीटी-बिपीटी लावू नका, लाईट बंद केली की अर्धे झोपतात.

पुस्तक कोणतं, आणि कुठून सुरू करायचं

'साँग ऑफ लाविनो' आणि त्याचं उत्तर 'साँग ऑफ ओचोल' ही दोन्ही एकाच पुस्तकात मिळतात, हाइनमनच्या आफ्रिकन रायटर्स सिरीजमध्ये. तेच घ्या, वेगवेगळं घेऊ नका. पुढे प्रस्तावना आहे, चांगली आहे, पण ती शेवटी वाचा. मूळ कविता अचोलीत आहे, 'वेर पा लाविनो' या नावाने ती 1969 ला छापली, म्हणजे इंग्रजीच्या नंतर. इंग्रजी ओकोटने स्वतःच केलं आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं की आपण गरुडाचे पंख थोडे छाटलेत आणि तलवारीची धार बोथट केलीय. स्वतः कवीच असं म्हणतोय म्हटल्यावर तुम्हाला इंग्रजीसमोर हात जोडून बसायची गरज नाही.

गोष्ट अशी की लाविनो ही गावातली बाई, न शिकलेली, ओचोल तिचा नवरा, मुखियाचा पोरगा, शिकून आलेला, आणि त्याने आता क्लेमेंटाइन नावाची शिकलेली, पावडर-लिपस्टिकवाली बाई जवळ केलीय. ओचोल लाविनोला अडाणी म्हणतो, तिच्या आईबापाला नावं ठेवतो, अख्ख्या अचोली लोकांना मागासलेले म्हणतो. आणि लाविनो बोलायला उभी राहते. 13 भाग बोलते.

पहिल्या भागापासून सुरू करू नका. यावर आमच्यातच वाद आहे, काही जण म्हणतात क्रम मोडायचा नाही, पण बसलेल्या बायकांना पहिल्या पाच मिनिटांत पकडायचं असेल तर दुसरा भाग, सवतीचा, आधी घ्या. त्यात ती क्लेमेंटाइनचं जे वर्णन करते, लाल ओठ म्हणजे रानमांजराने रक्तात तोंड बुडवलंय, आणि तोंडाला पावडर फासून ती मांत्रिकासारखी दिसते, ते ऐकून हशा झाला नाही असं होत नाही. आणि लगेच पुढे लाविनो म्हणते की मी काही जळत नाही बरं, आणि मग थांबून कबूल करते की खोटं कशाला बोलू, थोडं जळतं. ही जागा वाचणारीने नीट घेतली पाहिजे. घाई केली तर नुसती चेष्टा होते, थोडं थांबून वाचलं की सगळ्या बाया एकदम गप्प होतात.

मग पहिला भाग, मग तिसरा (नाचाचा, त्यात ती साहेबी डान्सला जी नावं ठेवते ती ऐकण्यासारखी आहेत, अंधारात, दारू पिऊन, कोणाच्याही बायकोला मिठी मारून), मग सहावा, सातवा, अकरावा आणि शेवटी तेरावा. एका बैठकीत एवढं पुरे. आठ, नऊ, दहा हे धर्माबद्दलचे भाग घरी वाचायला द्या. त्यात मिशनच्या वर्गात पोपटासारखी घोकंपट्टी करून कंटाळलेली लाविनो बाहेरचा ढोल ऐकून सरळ नाचायला निघून जाते ते मजेशीर आहे, पण मिशनऱ्यांची पार्श्वभूमी सांगत बसलं की वाचनाचा जोर जातो. बारावा भाग, ज्यात नवऱ्याचं घर म्हणजे पुस्तकांचं काळोखं जंगल आहे असं ती म्हणते, तो मास्तर लोकांसमोर जरूर वाचा. त्यांना लागतो.

आवाज वाटून घ्या

एका माणसाने सगळं वाचायचं नाही. लाविनोसाठी तीन-चार बाया, वेगवेगळ्या वयाच्या, आणि पुरुषांनी समोर भावकी म्हणून बसायचं. कारण लाविनो सारखी कोणाला तरी हाक मारत असते, कधी नवऱ्याला, कधी भाऊबंदांना, कधी मैत्रिणीला. ती हाक आली की समोरच्यांनी हुंकारा द्यायचा. आपल्याकडे गोष्ट सांगताना हुंकारा देणारा लागतोच, नाहीतर सांगणारी म्हातारी मध्येच उठून जाते. तो हुंकारा इथे फार कामाला येतो.

आता अहिराणीचं. लिहून अनुवाद करू नका. खरंच सांगतो, वही घेऊन बसलं की आपोआप पाठ्यपुस्तकी मराठी यायला लागते, 'हे माझ्या पती' वगैरे. त्यापेक्षा इंग्रजी येणाऱ्याने एक कडवं वाचून साध्या बोलीत मतलब सांगायचा, आणि जिच्या तोंडात अहिराणी आहे तिने ते आपल्या पद्धतीने बोलून दाखवायचं. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा. मग नंतर ऐकून टाईप करा. 'भाऊसहोन, ऐका, मना नवरा माले आडानी म्हनस' एवढी पहिली ओळ आली की पुढचं आपोआप वाहतं. 'खोटं काबरं बोलू, थोडंसं जयस मनं' ही ओळ अशीच एका काकूंच्या तोंडून निघाली, टेबलावर बसून ती कोणालाच सुचली नसती.

बोली कोणतीही चालेल. अहिराणी म्हणजेच अख्खा खान्देश असं समजू नका, जळगाव-भुसावळकडे तावडी आहे, लेवा गणबोली आहे, नंदुरबारकडे भिली, पावरी, मावची आहे. उलट पावरी बोलणारी एखादी बाई लाविनो झाली तर कविता जास्त टोचेल, कारण मग ओचोल आपण, म्हणजे तालुक्याच्या गावचे, असे ठरतो.

सहावा भाग: इथे थांबा

हा भाग माझा आवडता, म्हणून इथे वेळ घालवतो. ओचोलची तक्रार असते की लाविनोला साहेबी स्वयंपाक येत नाही. त्यावर ती आपलं स्वयंपाकघर दाखवते, एकेक वस्तू. कुठलं लाकूड कुऱ्हाडीने पटकन फुटतं, कुठलं फुटत नाही. दळायचा दगड. आणि मग इलेक्ट्रिक शेगडी. तिला त्या शेगडीची भीती वाटते, कारण वीज म्हणजे तिच्या लोकांच्या समजुतीत पावसाचा कोंबडा, पंख उघडले की चमकतो, आणि गोऱ्यांनी तो कोंबडा पकडून लोखंडी घरात कोंडलाय. ही कल्पना वाचून दाखवल्यावर पोरं पण ऐकत बसतात.

त्याच भागात तिचा एक मुद्दा असा की या शेगड्या वरून सपाट असतात, ढोलाच्या तोंडासारख्या, म्हणून त्यांच्यावर सपाट बुडाचीच भांडी लागतात. आमच्याकडे हे वाचून झाल्यावर एका मावशींनी तिथल्या तिथे सांगितलं, की बरोबर बोलतेय ती, गॅसच्या शेगडीवर खापर (मांडे भाजायचं गोल मातीचं भांडं) बसतच नाही, मांडे करायचे तर चूलच पाहिजे, आणि सून म्हणते की मग विकतचे आणा. त्यानंतर अर्धा तास कविता बाजूलाच राहिली, मांड्यांवर चर्चा. चालतं. लाविनोचा मुद्दा हाच आहे की वस्तू बदलली की तिच्यासोबत भांडं बदलतं, बसायची पद्धत बदलते, पदार्थ बदलतो, आणि नवऱ्याला वाटतं फक्त शेगडी आणली.

दळायच्या दगडाबद्दल एक सूचना. वाचताना सगळ्यांच्या डोळ्यासमोर जातं येतं, कारण आपल्याला जात्यावरच्या ओव्या माहीत. पण अचोली बायांचा दगड फिरवायचा नसतो, खाली एक मोठा दगड आणि त्यावर हाताने पुढे-मागे घासायचा दुसरा. म्हणजे आपला पाटा-वरवंटा. वापरून वापरून खालच्या दगडाचं पोट खोल जातं, लाविनो त्याला आई म्हणते आणि वरच्याला लेक. जमलं तर घरचा जुना पाटा समोर ठेवा, त्याचा खळगा हाताने बघू द्या सगळ्यांना. एवढंच प्रॉप पुरे, अंगावर रंगीबेरंगी आफ्रिकन कपडे घालून नाटकं करू नका, गंमत होते आणि वाईट गंमत होते.

सातव्या भागात घड्याळ आहे. ओचोलने घरात मोठं लंबकाचं घड्याळ लावलंय आणि बायकोला वेळ कळत नाही म्हणून तो चिडतो, जेवायची वेळ, अंघोळीची वेळ, पोराला दूध पाजायची वेळ. लाविनो म्हणते, पोरगं रडलं की पाजायचं, त्याला कसली वेळ? आणि त्या लंबकाचं जे वर्णन ती करते ते चारचौघांत वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पुरुषाच्या एका अवयवाशी तुलना आहे. आम्ही वाचतो. लग्नातल्या गाण्यांमध्ये आपल्या आज्या याहून जास्त बोलतात, त्यामुळे म्हाताऱ्या हसतात, लाजतात ते सगळे मास्तर लोक. फक्त शाळेतली लहान पोरं बसली असतील तर ती ओळ सोडा.

अकरावा भाग राजकारणाचा, याला काही समजावून सांगावं लागत नाही. युगांडा 1962 ला स्वतंत्र झाला, दोन पक्ष, डेमोक्रॅटिक पार्टी आणि काँग्रेस (तिकडची, युगांडा पीपल्स काँग्रेस), ओचोल एका पक्षात आणि त्याचा सख्खा भाऊ दुसऱ्यात, दोघं एकमेकांच्या घरात पाय ठेवत नाहीत. पुढारी मऊ गाद्यांवर झोपतात आणि मत देणाऱ्यांची कंबर मात्र स्वातंत्र्याआधी जिथे दुखत होती त्याच जमिनीवर अजून दुखतेय, असा तिचा हिशोब. हा भाग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीच्या आसपास वाचू नका एवढंच सांगेन, कोणाला तरी नक्की लागतं आणि वाचनालयाची किल्ली मिळणं बंद होतं.

गंगाफळाची म्हण

कवितेत एक अचोली म्हण फिरून फिरून येते, जुन्या वस्तीतला भोपळ्याचा वेल उपटू नये. भोपळा म्हणजे आपलं गंगाफळ किंवा डांगर. नोट्सवाले इथे हमखास लिहितात की कवीला जुन्याकडे परत जायचंय. नीट बघा. अचोली लोक नव्या जागी घर बांधायचे, जुनी जागा सोडायचे, आणि वेल तिथेच वाढत राहायचा. ती नव्या घरी जाऊ नको म्हणतच नाही. जाताना चांगला फळता वेल उगाच उपटून कशाला टाकतोस, तो तुझं काय खातोय, एवढंच. तुला साहेबाचं जेवण आवडतं तर खा, मला माझं खाऊ दे आणि माझ्या ताटाला नावं ठेवू नको, हे ती साफ शब्दांत सांगते. आणि हे लिहिणारा माणूस स्वतः कायद्याची पदवी घेतलेला, ऑक्सफर्डला राहिलेला होता, तो कशाला मागे जाईल?

बहिणाबाईंशी तुलना होणारच, तर ती नीट करा

खान्देशात बसून लाविनो वाचली की कोणीतरी दहाव्या मिनिटाला बहिणाबाईंचं नाव काढतंच. आसोद्याच्या बहिणाबाई, शेती, चूल, बोलीतली गाणी, लिहिता न येणारी बाई. जुळतंय असं वाटतं. पण फरक मोठा आहे आणि तो बोला. बहिणाबाई खरी बाई, गाणी तिची स्वतःची, मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती कागदावर राहिली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने ती गेल्यावर छापली गेली. लाविनो ही एका शिकलेल्या पुरुषाने उभी केलेली बाई आहे. म्हणजे गावातल्या बाईच्या तोंडून जे निघतंय त्याच्या मागे ओकोट बसलाय, आईची गाणी ऐकून वाढलेला, पण पुरुषच.

यावर बायकांना बोलू द्या. उदाहरणार्थ लाविनोला सवत असण्याबद्दल तक्रार नाही, नवऱ्याने दुसरी केली तर केली, तिचा राग अपमानाचा आहे. हे खरंच एखादी बाई म्हणेल की पुरुष कवीला सोयीचं म्हणून तिच्या तोंडी घातलंय? आमच्याकडे यावर जोरदार दोन तट पडले. तिच्या समाजात सवत ही रीतच होती हे खरं, तरी एकीने विचारलं की रीत होती म्हणून दुखत नव्हतं का. मला वाटतं प्रश्न रास्त आहे आणि ओकोट इथे जरा सुटून जातो.

भालचंद्र नेमाडेंचा देशीवाद (साहित्य आपल्याच मातीत, आपल्या परंपरेत रुजलेलं हवं, हा विचार) पण कोणीतरी काढेल, त्यांचं गाव सांगवी आपल्याच भागातलं म्हटल्यावर. काढू द्या, पण ओकोट म्हणजे युगांडाचे नेमाडे असं करून टाकू नका. ओकोटचं भांडण मिशनरी, साहेबी मानववंशशास्त्र आणि स्वातंत्र्यानंतरचे काळे साहेब यांच्याशी आहे, त्याचा नकाशा वेगळा.

ओचोलला पण खुर्ची द्या

'साँग ऑफ ओचोल' 1970 ला आलं. लोक ते वाचतच नाहीत, लाविनोवर थांबतात. यात ओचोल उत्तर देतो, म्हणजे आधी बायकोला गप्प बस म्हणतो, सामान बांध आणि निघ म्हणतो, आणि मग सगळं जुनं मोडून टाकायची भाषा करतो. पण ऐकत गेलं की कळतं की याला स्वतःच्या कातडीचीच लाज वाटतेय, काळा का जन्मलो असं तो आईला विचारतो. हा भाग तुमच्यातल्या सगळ्यात चांगल्या वाचणाऱ्याला द्या. सिनेमातल्या व्हिलनसारखं ओरडून वाचलं तर वाट लागते. शहरात नोकरी करणारा, घरी आला की आईच्या बोलण्याला हसणारा एखादा पोरगा असेल तर त्यालाच द्या, आणि काही सांगू नका.

जास्त वेळ असेल तर 1971 चं 'टू साँग्ज' घ्या. त्यात 'साँग ऑफ प्रिझनर' म्हणजे स्वातंत्र्यानंतरच्या देशात कोठडीत पडलेल्या माणसाचं गाणं, आणि 'साँग ऑफ मलाया' हे वेश्येचं. या पुस्तकाला 1972 चं जोमो केन्याटा प्राइझ मिळालं. कैद्याचं गाणं रात्री एकट्याने वाचू नका, लाविनोमधला हशा त्यात नाही.

मग त्याचा अभ्यास, आणि तो आपल्या गावात करायचा कसा

कविता झाली की 'हॉर्न ऑफ माय लव्ह' बघा, 1974 चं. त्याने जमवलेली अचोली गाणी, अचोली आणि इंग्रजी दोन्ही, प्रेमाची, नाचाची, मयताची, लढाईची. ही वाचली की लाविनोच्या शिव्या, तिच्या उपमा, तिची हाक मारायची पद्धत कुठून आली ते समजतं. 'हेअर अँड हॉर्नबिल' (1978) लोककथांचं. 'आफ्रिकन रिलिजन्स इन वेस्टर्न स्कॉलरशिप' हे जरा कठीण आहे पण धारदार, पाश्चात्य अभ्यासकांनी आफ्रिकेच्या देवांना आपल्या देवाचे कपडे चढवले आणि पुढे आफ्रिकन अभ्यासकांनीही तेच केलं असं म्हणून तो आपल्याच लोकांनाही सोडत नाही. आणि साहित्य म्हणजे फक्त लिहिलेलं असं तो मानायचाच नाही, गायलेलं, बोललेलं सगळं त्यात धरायचा.

तो हे मानायचा तर आपणही मानू आणि कामाला लागू. आखाजीला (अक्षय तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, कानबाई या खान्देशी देवीच्या उत्सवात रात्रभर गाणी चालतात. ती रेकॉर्ड करा, पण विचारून. कोण गायली, कुठलं गाव, माहेर कुठलं, कधी म्हणतात, म्हणताना हात काय करत होते, हे गाण्यासोबतच लिहा. बोली दुरुस्त करू नका, 'शे' चं 'आहे' करू नका. नवऱ्याला, सासूला घातलेल्या शिव्या काढून टाकू नका, त्या काढल्या की गाणं संपलं. आणि दोन बायांनी एकच गाणं वेगळं म्हटलं तर कोणतं खरं हे ठरवत बसू नका, दोन्ही ठेवा. झोक्यावर गाणाऱ्या बाईला घरात खुर्चीवर बसवून पुन्हा गायला लावलं तर निम्मं विसरते, म्हणून तिथेच, गर्दीत, आवाज खराब आला तरी चालेल.

जेवणाचं पण सांगून टाकतो. तेराव्या भागात लाविनो नवऱ्याला बरं करायला निघते, त्याचा घसा मोकळा करा, जीभ खरवडा, आजीची माफी मागायला लावा, आणि मलाक्वांग शिजवा म्हणते. मलाक्वांग म्हणजे अंबाडीच्याच कुळातली आंबट पालेभाजी, शेंगदाण्याच्या नाहीतर तिळाच्या कुटात शिजवतात. त्यामुळे वाचनानंतर अंबाडीची भाजी आणि कळण्याची भाकरी ठेवा, भरिताचा मोह आवरा, भरीत ठेवलं तर लोक कविता ऐकायला येत नाहीत.

अहिराणी मजकूर तयार झाल्यावर कोणीतरी म्हणेलच की दिवाळी अंकात छापू, पुस्तक काढू. आपल्या गटात वाचायला ठीक आहे, पण छापायचं असेल तर आधी प्रकाशकाला लिहून परवानगी मागा. आपल्या कायद्यात कवी गेल्यानंतर 60 वर्षं हक्क राहतात, ओकोट 1982 ला गेला, म्हणजे हक्क अजून संपलेले नाहीत. तोपर्यंत रेकॉर्डिंग दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा, एक फोनवर आणि एक पेनड्राइव्हवर, आणि फाईलला बाईचं नाव तिला विचारूनच द्या.